सुका कचरा आणि तो वेगळा करणारे हात : इंदूरमधील मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सातत्याने अग्रस्थानी आहे आणि या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याचा रास्त अभिमान वाटतो. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, वैशाली नगर अशा वस्त्यांमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे आता अंगवळणी पडले आहे. मात्र आपला डबा गाडीत रिकामा झाल्यानंतर त्यातील वस्तू कोणाच्या हातांतून जातात, ती माणसे कोणत्या परिस्थितीत काम करतात आणि आपल्या घरातील सवयींचा त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याविषयी महिला मंडळांच्या बैठकींत आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जातात. त्यांपैकी जे सर्वाधिक वेळा येतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमच्या घरातून गेलेला सुका कचरा नेमका कुठे जातो?

दारावर येणारी गाडी तो प्रथम शहरातील हस्तांतरण केंद्रावर नेते. तेथे कचरा दाबून मोठ्या बंद पेट्यांमध्ये भरला जातो आणि त्या पेट्या देवगुराडिया येथील प्रक्रिया केंद्रांकडे रवाना होतात. सुका कचरा वर्गीकरण केंद्रात उतरवला जातो, चाळणीच्या फिरत्या पिंपातून माती आणि बारीक चुरा खाली पाडला जातो आणि उरलेला माल सरकत्या पट्ट्यांवर येतो. काही वर्गीकरण प्रकाशकिरणांनी प्लॅस्टिकचा प्रकार ओळखणारी यंत्रे करतात, तर काही पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले कामगार हातांनी करतात. शेवटी पुठ्ठा, पारदर्शक बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा असे एकेका प्रकारचे गठ्ठे बांधून ते पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्यांना विकले जातात.

ओल्या कचऱ्याचा मार्ग वेगळा आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेला, दररोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता असलेला गोबरधन प्रकल्पही देवगुराडियालाच आहे. तेथे दररोज सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत तयार व्हावे अशी त्याची रचना आहे.

एवढी यंत्रे असताना माणसांनी हात घालण्याची गरज का पडते?

यंत्र एका ठरावीक गुणधर्मावर निर्णय घेते आणि आपला कचरा ठरावीक नसतो. प्लॅस्टिक ओळखणारे यंत्र वस्तूवरून परावर्तित होणारे अवरक्त किरण वाचते. हॉटेलमधून जेवण ज्या काळ्या डब्यांत येते त्यांच्यातील काजळीचे रंगद्रव्य हे किरण शोषून घेत असल्यामुळे तो डबा यंत्राला बहुधा दिसतच नाही. पाण्याच्या बाटलीचे अंग एका प्लॅस्टिकचे, झाकण दुसऱ्या प्रकारचे आणि तिच्यावरील आवरण तिसऱ्याच प्रकारचे असू शकते. तेलाने माखलेली पिशवी, डाळीच्या पाण्याने भिजलेला पुठ्ठा, आत उष्टे अन्न ठेवून गाठ मारलेली कॅरीबॅग यांच्यापुढे तर यंत्राचे काहीच चालत नाही.

अनुभवी कामगार मात्र वस्तू हातात घेताच तिचा प्रकार सांगतो. कडक प्लॅस्टिक दाबल्यावर कसा आवाज करते, पातळ पिशवी ताणली जाते की चटकन फाटते, डबा वाकवल्यावर पांढरी रेघ उमटते की नाही, या खुणांवरून तो क्षणभरात निर्णय घेतो. या कामाला अकुशल म्हणण्याची प्रथा आहे आणि ती मला सर्वथा अयोग्य वाटते. गठ्ठ्यात दुसऱ्या प्रकारचे प्लॅस्टिक मिसळले तर कारखाना पूर्ण गठ्ठ्याचा भाव पाडतो, म्हणजे गठ्ठ्याची किंमत या माणसाच्या बोटांच्या ज्ञानावर ठरते. वेतनाची श्रेणी ठरवताना याची नोंद व्हायला हवी.

चिंध्या, दोऱ्या आणि जुन्या साड्या यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती गुंडाळल्या गेल्या की पट्टा थांबवून त्या कापून काढण्याचे कामही माणसांकडेच येते. सर्वांत धोकादायक कामांपैकी ते एक आहे, कारण घाईमध्ये वीजपुरवठा पूर्ण बंद न करताच हात आत घालण्याचा मोह होतो. जुने कपडे सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या पिशवीत द्यावेत, यामागे हे कारण आहे.

पट्ट्यावरील कामात शरीराचे नेमके काय नुकसान होते?

पट्ट्यावरील कामगार पाळीचा बहुतेक वेळ एका जागी उभा राहतो, मान खाली झुकवतो आणि तीच हालचाल हजारो वेळा करतो. त्यामुळे कंबर, मान, खांदा आणि मनगट यांचे विकार या व्यवसायात सर्रास आढळतात. पट्टा कमरेच्या उंचीवर आहे की नाही, तो इतका रुंद तर नाही ना की पलीकडची वस्तू घेण्यासाठी शरीर पुढे झोकावे लागेल, पायांखाली रबरी चटई आहे का, ठरावीक वेळाने जागा बदलून मिळते का, या साध्या दिसणाऱ्या बाबींवर दहा वर्षांनंतर त्या माणसाला चालता येईल की नाही हे अवलंबून असते. यांतील कोणत्याही सुधारणेला फार मोठा खर्च येत नाही.

पट्ट्याच्या गतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. गती वाढवली की दिवसाचे टन वाढतात, परंतु कामगाराला काच किंवा सुई दिसण्याआधीच त्याचा हात तेथे पोहोचलेला असतो. जेथे मोबदला किलोवर ठरतो तेथे हा दबाव कामगार स्वतःच स्वतःवर आणतो आणि म्हणून महिन्याचे निश्चित वेतन ही सुरक्षेचीही बाब आहे.

धुळीचा त्रास बाहेरून दिसत नाही. कुजलेल्या पदार्थांतील बुरशीचे कण आणि जिवाणू हवेत तरंगतात आणि दम्यासारख्या तक्रारी वाढवतात. साधा कापडी रुमाल हे सूक्ष्म कण अडवू शकत नाही. शिवाय इंदूरमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखालील उष्णता बाहेरच्यापेक्षा अधिक असते. अशा वेळी थंड पाणी, पंखे, हवा खेळती ठेवणारी झरोक्यांची रचना आणि दुपारची विश्रांती या सोयी कामाचाच आवश्यक भाग मानल्या पाहिजेत.

आमच्या घरातून जाणारी कोणती वस्तू त्यांना सर्वाधिक धोक्याची असते?

सुई. मधुमेहाचे रुग्ण आता जवळपास प्रत्येक वाड्यात आणि इमारतीत आहेत आणि इन्सुलिनच्या सुया बहुतेक वेळा सुक्या कचऱ्याच्या पिशवीत सुट्या टाकल्या जातात. वापरलेल्या सुईच्या एका टोचणीतून हेपॅटायटिस बी किंवा सी यांसारख्या रोगांचा संसर्ग होऊ शकतो आणि टोचल्यानंतर त्या माणसाला किती आठवडे भीतीखाली काढावे लागतात याची आपल्याला कल्पनाही नसते. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत साठवाव्यात, बरणी भरत आली की झाकणावर चिकटपट्टी लावावी, बाहेर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे हिंदीत आणि मराठीत लिहावे आणि ती गाडीवरील घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात, कामगाराला सांगून द्यावी.

फुटलेली काच, दाढीची पाती आणि ट्यूबलाइट यांसाठीही असेच करावे. काच जाड पुठ्ठ्यात बांधावी आणि पुठ्ठ्यावर लिहावे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून ती न फोडता द्यावी.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्याविषयी बोलताना आपल्या घरांत अजूनही संकोच केला जातो, आणि त्या संकोचाची किंमत दुसऱ्याच्या हातांना मोजावी लागते. ते कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी, म्हणजे उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. पुण्यात कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने, ‘स्वच्छ’ने, ही लाल ठिपक्याची पद्धत नागरिकांपुढे ठेवली होती आणि ती आपल्याकडेही सहज अंगीकारता येईल. इंदूरच्या गाड्यांवर या कचऱ्यासाठी स्वतंत्र पेटी असते. तिचा उपयोग न करता पॅड सुक्या कचऱ्यात दडवणे, हे आपल्या सोयीसाठी दुसऱ्या स्त्रीच्या हातावर रोगाचा धोका टाकणे आहे.

हातमोजे आणि बूट दिलेले असतानाही कामगार ते घालत नाहीत, हे खरे आहे का?

अनेक ठिकाणी असे दिसते, परंतु त्यावरून कामगार बेफिकीर आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. जाड रबरी हातमोज्यांत घामाने हात भिजतात, त्वचेला चिरा पडतात आणि प्लॅस्टिकचा प्रकार ओळखण्यासाठी लागणारा स्पर्श नाहीसा होतो. सुती हातमोज्यांतून सुई सहज आरपार जाते. विणलेले, तळव्याला नायट्रिलचा थर दिलेले, कापले न जाणारे हातमोजे या कामाला योग्य असतात, परंतु ते महाग असल्यामुळे निविदेत त्यांच्या जागी सर्वांत स्वस्त जोड येतो.

मापाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. हे साहित्य बहुधा पुरुषांच्या मापाने मागवले जाते, आणि पट्ट्यावर मोठ्या संख्येने स्त्रिया असतात. पाय सैल बुटात घसरतो, जाकिट साडीवर नीट बसत नाही, हातमोज्याचे टोक बोटांच्या पुढे लोंबते आणि पट्ट्यात अडकण्याचीच भीती निर्माण होते. एखादे साधन वापरले जात नसेल तर ज्याला ते घालावे लागते त्याच्याशी बोलून ते बदलणे हा उपाय आहे. दंड आकारल्याने ते साधन जास्तीत जास्त तपासणीच्या दिवशी घातले जाईल.

कायद्याने या कामगारांना कोणते अधिकार दिले आहेत?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी स्थानिक संस्थांवर दोन महत्त्वाची कर्तव्ये टाकली. कचरावेचक आणि त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घेणे हे पहिले, आणि कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, चमकणारे जाकिट, हातमोजे, पावसाळी कोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळतील याची खात्री करणे हे दुसरे. १ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा घेणाऱ्या २०२६ च्या नियमांत घरातच चार प्रकारचे वर्गीकरण अपेक्षित आहे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधे यांसारखा) कचरा. इंदूरच्या कुटुंबांना ही रचना नवी वाटणार नाही.

वेतनाविषयी सांगायचे तर या क्षेत्रातील बहुतेक कामगार कंत्राटदाराकडे असतात आणि त्यांच्या अडचणींचे मूळ बहुधा तेथेच सापडते. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे कंत्राट देणाऱ्या संस्थेवर, येते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार, आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल तर, त्या योजनेस पात्र असतो. त्यासाठी वेतनातून ०.७५ टक्के कपात होते आणि नियोक्ता ३.२५ टक्के भरतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आणि चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणे यांचा समावेश आहे. कपात होऊनही विमा क्रमांक हाती न आलेला कामगार आपल्या ओळखीचा असेल, तर त्याच्याबरोबर बसून कागदपत्रे पाहणे ही शिकलेल्या कुटुंबाने सहज करावी अशी मदत आहे.

जे स्वतंत्रपणे कचरा वेचतात त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या, सफाई कामगारांच्या सुरक्षेसाठी असलेल्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ मध्ये कचरावेचकांचा समावेश करण्यात आला. ई-श्रम पोर्टलवर १६ ते ५९ वर्षे वयाच्या असंघटित कामगारांची नोंदणी होते, आणि आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते.

रद्दी भंगारवाल्याला द्यावी की नगर निगमच्या गाडीत?

भंगारवाल्याला द्यावी. वर्तमानपत्रे, पुठ्ठा, पितळ, ॲल्युमिनियम आणि बाटल्या स्वच्छ अवस्थेत थेट त्याच्याकडे गेल्या तर त्यांचा दर्जा टिकतो, वाहतुकीचा खर्च वाचतो आणि फेरीवाला, गल्लीतील भंगार दुकानदार, मोठा व्यापारी अशा साखळीतील अनेक घरांना उत्पन्न मिळते. नगर निगमची यंत्रणा उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून या शहरातील पुनर्चक्रण याच लोकांनी सांभाळले आहे.

दारोदारी संकलन सुरू झाल्यावर आणि ट्रेंचिंग ग्राउंडवरील, म्हणजे शहराच्या जुन्या कचरा डेपोवरील, ढीग हटवल्यावर, तेथे वेचणी करून जगणाऱ्या कुटुंबांपुढे उत्पन्नाचा प्रश्न उभा राहणे अटळ होते. अशा कुटुंबांतील अनेकांना वर्गीकरण केंद्रांत काम देणे हा त्यावरील मार्ग इंदूरने स्वीकारला आणि तो योग्यच होता. तरीही स्वतःच्या वेळेने काम करणाऱ्या आणि माल स्वतः विकणाऱ्या माणसाला पाळीतील नोकरी नेहमीच सोयीची असते असे नाही. लहान मुले असलेल्या स्त्रियांना तर ती विशेष अवघड जाते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्रे आणि संघटना दिली, आणि पुढे तिच्यातूनच आलेल्या सहकारी संस्थेत सभासद स्वतः मालक आहेत. प्रत्येक शहराला तोच साचा लागू पडेल असे मी म्हणत नाही, पण भावावर आणि कामाच्या वेळेवर कामगाराचा शब्द चालावा हे तत्त्व कोणत्याही शहरात राबवता येते.

शेव आणि नमकीनच्या पाकिटांचे काय होते?

इंदूरच्या घरात हा प्रश्न टाळता येत नाही. ही चकचकीत पाकिटे प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि त्यांमध्ये धातूचा अतिशय पातळ मुलामा अशी बनवलेली असतात. हे थर एकमेकांपासून वेगळे करणे परवडत नाही, म्हणून त्यांना भंगारात भाव नाही आणि रस्त्यावरचा कचरावेचक ती उचलत नाही. पट्ट्यावर वेगळी झाली तर ती सहसा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, म्हणजे त्यांतून नवी वस्तू तयार होत नाही.

सराफ्यात किंवा आपल्या नेहमीच्या दुकानात शेव सुटी मिळते. ती घरचा डबा नेऊन आणावी. दिवाळीत फराळाची देवाणघेवाण डब्यांतून करण्याची आपली पद्धत आहेच, ती पाकिटांच्या मोहापायी सोडू नये. पाकीट आणलेच तर त्याचा कोपरा कापून फेकू नये. तो लहानसा तुकडा चाळणीतून खाली पडतो आणि मातीत जातो, म्हणून तो पाकिटाला लागलेला राहील असे कापावे.

दुधाच्या पिशव्या आणि डबे धुऊन देण्यात पाणी वाया जात नाही का?

नळाखाली धरून धुतल्या तर जाते. भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात पिशवी एकदा बुडवून वाळत टाकली तर वेगळे पाणी लागत नाही. न विसळलेली पिशवी दोन दिवसांत आंबते, माश्या जमतात आणि वर्गीकरण केंद्रात तिचा वास दिवसभर सहन करणारी माणसे तेथे उभी असतात. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे पुसून दिले तरी चालतात.

जुने मोबाइल आणि बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकल्या तर काय बिघडते?

लिथियम बॅटरी गाडीच्या दाबयंत्रात चेपली गेली की तिच्यात आतल्या आत विद्युतमंडल जुळते (शॉर्ट सर्किट होते) आणि ती पेट घेते. आजूबाजूला कागद आणि प्लॅस्टिक असल्यामुळे आग क्षणात पसरते आणि त्या वेळी सर्वांत जवळ कामगार असतात. मोबाइल, पॉवर बँक, मुलांची बॅटरीवरील खेळणी आणि इलेक्ट्रिक दाढीयंत्रे ई-कचऱ्यातच द्यावीत.

पुनर्चक्रण होते म्हटल्यावर प्लॅस्टिक कितीही वापरले तरी चालेल, असे समजावे का?

नाही. ॲल्युमिनियम आणि काच पुन्हा पुन्हा वितळवता येतात, आणि खनिजापासून नवे ॲल्युमिनियम बनवण्याच्या तुलनेत जुने वितळवण्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागदाचे तंतू मात्र दर फेरीत आखूड होतात आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर निकामी होतात. पाण्याच्या बाटलीचे बहुतेक वेळा पॉलिएस्टरचे धागे होतात आणि त्या धाग्याच्या कापडाची पुन्हा बाटली सहसा होत नाही. म्हणजे प्लॅस्टिक एक-दोन पायऱ्या खाली उतरते आणि अखेर कचराच होते.

देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर सुमारे १०० एकरांत साचलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा उपसून, चाळून हटवण्यात आला, तेव्हा अशा ढिगांचे ओझे किती वर्षे पुढच्या पिढीवर राहते हे या शहराने प्रत्यक्ष पाहिले. अशा ढिगात ओला कचरा हवेविना कुजून मिथेन वायू तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

मला यात एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ज्या व्यवस्थेचा हिशेब केवळ अपुऱ्या वेतनामुळे जुळतो, तिला शाश्वत म्हणता येत नाही. वस्तूंचे भाव पडले की पहिली कपात मजुरीत होते आणि अनुभवी माणसे काम सोडून जातात. त्यांच्या जागी आलेल्या नवख्या हातांना प्रकार ओळखता येत नाहीत, गठ्ठे नाकारले जातात आणि शेवटी तोच माल जमिनीत पुरला किंवा जाळला जातो.

गृहनिर्माण संस्था किंवा गणेश मंडळाने काय करावे?

उत्सवात निर्माल्य, प्रसादाचे द्रोण आणि प्लॅस्टिक सजावट यांसाठी वेगवेगळी पिंपे ठेवावीत आणि प्रत्येकापाशी एक स्वयंसेवक उभा करावा, कारण गर्दीत फलक कोणी वाचत नाही. हार देताना दोरा आणि प्लॅस्टिकची जर काढूनच फुले खतासाठी द्यावीत.

संस्थेने स्वतः सफाईचे कंत्राट दिले असेल तर सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्यापूर्वी त्या दरात किमान वेतन, विमा आणि भविष्य निर्वाह निधी बसतो का, याचा हिशेब मांडून पाहावा. तो बसत नसेल, तर फरक कामगाराच्या खिशातून जाणार हे उघड आहे. कामगारांसाठी हात धुण्याची जागा, साबण आणि स्त्रियांना वापरता येईल असे स्वच्छतागृह इमारतीत असावे. धनुर्वात आणि हेपॅटायटिस बी यांच्या लसी संस्थेच्या खर्चाने द्याव्यात. हेपॅटायटिस बीच्या तीन मात्रा साधारणपणे सहा महिन्यांत पूर्ण होतात.

गाडीवरील कामगाराकडे हातमोजे नाहीत असे दिसले तर तक्रार कशी करावी?

इंदूर ३११ या ॲपवर किंवा वॉर्डाच्या कार्यालयात तक्रार नोंदवता येते. तक्रारीत वॉर्ड, दिवस आणि साधारण वेळ द्यावी आणि ‘या भागातील गाड्यांवरील कामगारांना संरक्षक साहित्य मिळाले आहे का, ते शेवटचे केव्हा बदलले’ असा प्रश्न विचारावा. कामगाराचे नाव लिहू नये आणि त्याचे छायाचित्र जोडू नये, कारण कंत्राटावरील माणसाला तक्रार त्यानेच करवली असे समजून कामावरून कमी केले जाण्याची भीती असते. शक्य असेल तर आधी त्या दादांना किंवा ताईंना विचारावे, की तक्रार केल्याने त्यांना त्रास होणार नाही ना. त्यांनी नको म्हटले, तर वस्तीतील पाच-सहा कुटुंबांनी मिळून, कोणत्याही एका गाडीचा उल्लेख न करता, संपूर्ण वॉर्डासाठी लेखी विचारणा करावी आणि पोचपावती जपून ठेवावी.